थोर साहित्यिकाचे कान

राजारामपुरीतल्या आमच्या वाचनालयात जिना चढून वर आलं, की समोरच एका थोर साहित्यिकाचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. सत्तर वर्षांचा तरी असेल. कोणाचा, ते मी इथे लिहीत नाही. त्यांचे चाहते अजून शिल्लक आहेत आणि कोल्हापुरात चाहता म्हणजे काय चीज असते हे मला ठाऊक आहे. पुतळा मात्र देखणा. रंग जुन्या चिंचोक्यासारखा, कपाळ रुंद, नाक धारदार आणि नजर अशी, की समोरच्यानं पुस्तक परत करायला उशीर केलाय. कान तेवढे भयंकर.

कान म्हणजे दोन्ही बाजूंना चिकटवलेली कांदाभजी. वळ्या एकमेकींत मिसळलेल्या, पाळीचा पत्ता नाही, भोक शोधावं लागतं. असे कान ओळखायला आमच्या गावात शिक्षण लागत नाही. कुठलाही रिक्षावाला सांगेल, की हे लाल मातीत घासून आणि मानेची पकड सोडवता सोडवता फुटलेले कान आहेत. पण थोर माणसापुढं उभं राहताना आम्ही डोळे घरी ठेवून जातो. सगळे त्या पुतळ्याला ‘कानवाले आजोबा’ म्हणत, नमस्कार करत आणि आत जाऊन पेपरातली कुस्तीची बातमी वाचत.

मी या वाचनालयाचा कार्यवाह. त्याआधी तीस वर्षं एका हायस्कुलात मराठी शिकवलं. मराठीच्या मास्तराला एखादी गोष्ट कळली नाही, की तो तिला प्रतीक म्हणतो. मीही तेच केलं. दर पुण्यतिथीला पुतळ्याला हार घालून मी भाषण करायचो. हे कान बघा, म्हणायचो. दीनदुबळ्यांची गाऱ्हाणी ऐकून ऐकून हे असे झिजले आहेत. शिल्पकारानं इथं कान नव्हे, करुणा घडवली आहे. टाळ्या पडायच्या. पुढे मी त्याचा लेख केला, तो स्मरणिकेत छापला आणि एका मंडळानं त्याला पुरस्कारही दिला. शाल अजून वापरात आहे, नारळाची त्याच आठवड्यात चटणी झाली. एकदा पेपर वाचायला येणारे एक पेन्शनर माझ्या कानाशी लागून म्हणाले, की सर, मला तर हे पैलवानाचे कान वाटतात. मी त्यांना अभिरुची या विषयावर पंधरा मिनिटं सुनावलं. ते दुसऱ्या वाचनालयात जायला लागले.

त्या लेखात मी आक्कांनाही घातलं होतं. आक्का म्हणजे पंचगंगेकडच्या अंगाला म्हशी राखणाऱ्या एक बाई, वय सत्तरीच्या पुढं, आवाज खणखणीत. आमच्या गल्लीतल्या फ्लॅटांना त्यांचा दुधाचा रतीब. वाचनालयाच्या चहालाही त्यांचंच दूध. पूर्वी त्या किटली खालीच देऊन जायच्या. महापूर येऊन गेला त्यानंतर वर यायला लागल्या. आठवड्यातून एकदा तरी जिना चढायच्या, किटली खाली ठेवायच्या, पुतळ्याच्या समोर न जाता बाजूला उभ्या राहायच्या, एका कानावर हात ठेवायच्या, क्षणभर थांबायच्या आणि उतरून जायच्या. मी लगेच लिहिलं, ‘अक्षरशत्रू असलेली ही माउली साहित्याच्या केवळ स्पर्शानं पावन होते.’ वाक्य मला फार आवडलं होतं. आक्कांना विचारावं, असं मात्र एकदाही सुचलं नाही.

वाचनालयाची शंभरी जवळ आली तशी समितीला पुतळ्याची आठवण झाली. आमचे अध्यक्ष बांधकामाच्या धंद्यातले. मनानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. त्यांचं म्हणणं, की शंभरीला पुतळा नवा पाहिजे, दुप्पट पाहिजे आणि डोक्याला फेटा पाहिजे. उघड्या डोक्याचा साहित्यिक त्यांना अंघोळीहून आल्यागत वाटायचा. खर्चाचा विषय निघाला तेव्हा माझ्या तल्लख डोक्यातून कल्पना निघाली. म्हटलं, जुना मोडीला घालू.

आमच्याकडं ही रीतच आहे. नवी भांडी घ्यायला जाताना कुणी हात हलवत जात नाही. चेपलेला तांब्या, गळकी घागर, आजीच्या रुखवतातलं परातीएवढं ताट पिशवीत घालून न्यायचं, दुकानदार ते वजनाला घेतो आणि तेवढी किंमत कमी करतो. पुतळाही अखेर धातूच. ओतकाम करणारा म्हणाला, जुना द्या, वितळवून त्यातच भर घालतो. समितीनं माझी पाठ थोपटली. कोनशिलेवर कार्यवाह म्हणून माझं नाव कोरायचंही त्याच बैठकीत भडंग खाता खाता ठरलं. ते नाव कुठल्या अक्षरात असावं याचा विचार करत मी घरी गेलो.

टेंपो सोमवारी येणार होता. आदल्या बुधवारी दुपारी आक्का वर आल्या आणि पुतळ्याकडं न जाता सरळ माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. खालच्या ग्रंथपालानं त्यांना बातमी दिली होती.

“आजोबाला वितळवणार हायसा म्हणं, मास्तर?”

मी समजावलं, की अहो, नवा येणार आहे, मोठा, झकास फेटा बांधलेला.

“म्हंजे कान झाकणार.”

म्हटलं, हो, ते एक बरंच होईल. खुर्ची पुढं सरकवली. त्या तिच्यावर बसल्या नाहीत, जमिनीवर बसल्या.

“ते कान आमच्या बाचं हायती,” त्या म्हणाल्या.

मी हसलो. आज आठवलं की अंगावर काटा येतो, पण हसलो हे खरं. मग त्यांनी सांगितलं ते मी हसणं थांबवून ऐकलं. त्यांचे वडील पैलवान होते, चांगले नावाजलेले. तालमीसमोर एका शिल्पकाराचा कारखाना होता. त्यानं पुतळ्यासाठी पैलवानाला समोर बसवलं होतं, ही गोष्ट आक्कांच्या आईनं त्यांना दहादा सांगितलेली. पुतळा पुरा झाला त्याच साली वडील विषमज्वरानं गेले. आक्का तेव्हा पाच वर्षांच्या. घरात त्यांचा एकच फोटो होता, गदा खांद्यावर घेतलेला. तो भिंतीवर होता तोवर पुतळ्याकडं येण्याची आक्कांना गरज वाटली नाही. महापुरात पाणी छपराला लागलं. म्हशी वाचल्या, फोटोचा लगदा झाला.

“तोंड बी आता नीट आठवंना,” त्या म्हणाल्या. “चैत्रात जोतिबाला न्यायचा मला खांद्यावर बसवून. डोंगर चढताना पडाय नको म्हणून मी दोन्ही कान धरून बसायची. तेवढं हाताला ठावं हाय.”

त्यांनी दोन्ही हात पुढं करून मुठी अर्धवट मिटून दाखवल्या. मी माझ्या लेखातलं ते माउलीचं वाक्य आठवलं आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी उगाचच टेबलावरचा शिक्का उचलून शाईच्या डबीत दाबत बसलो.

तरी माझ्यातला मास्तर एवढ्यानं मरणारा नव्हता. म्हटलं, म्हातारीचा गैरसमज असेल. दुसऱ्या दिवशी मी जुन्या पेठेत गेलो. शिल्पकार कधीच वारले होते. त्यांचा मुलगा ऐंशीला टेकलेला, अजून पत्र्याच्या शेडमध्ये ओतकामावर देखरेख करत बसतो. मी पुतळ्याचं नाव काढताच गृहस्थ पोट धरून हसायला लागले. कान ना, म्हणाले.

हकिगत अशी. वाचनालयाच्या त्या वेळच्या समितीनं शिल्पकाराला साहित्यिकाचा फोटो दिला होता तो एकच, समोरून काढलेला, आणि त्यात साहेबांच्या डोक्याला कानांच्या खालपर्यंत उतरलेलं पगोटं. पुतळ्याला मात्र पगोटं नको. त्याला धातू जास्त लागतो. तेव्हा डोकं उघडंच करा, असा ठराव. म्हणजे काटकसर आमच्या समितीच्या रक्तातच आहे. आता पगोट्याखालचे कान कसे होते ते कुणालाच माहीत नाही. साहेब तर जाऊन वीस वर्षं झालेली. शिल्पकाराचा नियम, की जे डोळ्यांनी बघितलं नाही ते मातीत करायचं नाही. नाक, डोळे, मिशा त्यांनी कुरकुरत फोटोवरून केल्या आणि बाकीच्यासाठी समोरच्या तालमीतून पैलवानाला हाक मारली.

“गडी एका जागी बसंना. थंडाई पाजून पाजून बसवला बाबांनी. तीन दुपारी,” मुलगा सांगत होता. “आणि कान कशाला, मान बी त्येचीच. लेखकाला कुठली वं एवढी मान?”

मी विचारलं, की त्याचा मातीचा नमुना, प्लास्टरचं काही शिल्लक आहे का. ते म्हणाले, की कवाच गेलं सगळं. आता काय असंल ते तुमच्याकडचंच.

घरी येताना मी रिक्षा केली नाही, चालत आलो. प्रश्न साधा होता. सोमवारी टेंपो आला, की आक्कांच्या बापाचं जे काही या जगात उरलं आहे ते भट्टीत जाणार. आणि ते थांबवायचं तर मला समितीसमोर सांगावं लागणार, की पंधरा वर्षं मी ज्या करुणेवर भाषणं ठोकली ती करुणा धोबीपछाड खाऊन आणि घालून झालेली होती. इतकं साधं असूनही मी दोन दिवस काढले. शनिवारी रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, पुरस्कार परत घ्यायला कुणी येणार नाही, जा सांगून टाक. बायकोला माझ्या प्रतिष्ठेची किंमत पहिल्यापासून कमीच.

रविवारी सकाळी मी तातडीची बैठक बोलावली. आणि कबूल करतो, सुरुवातीला लबाडीच केली. खरं न सांगता काम होतंय का बघितलं. पुतळा पुरातन आहे, शहराचा वारसा आहे, असे पुतळे आता घडत नाहीत, असं मी बरंच बोललो. अध्यक्ष जांभई आवरत म्हणाले, की सर, जुनं ते जुनंच, आणि मोडीची आयडिया तुमचीच. कुणीतरी चहाला सांगितलं. विषय संपल्यात जमा होता.

मग मी उभा राहून सगळं सांगून टाकलं. आक्का, महापूर, पगोटं, थंडाई, मान. माझा लेख हा मूर्खपणा होता, हेही सांगितलं. खाली बसलो. मला वाटलं, आता राजीनामा मागतील.

अध्यक्षांनी कप खाली ठेवला.

“कुठल्या तालमीचा?” त्यांनी विचारलं.

मी तालीम सांगितली. खजिनदार ताडकन उठले. त्यांच्या आजोबांनी या पैलवानाची कुस्ती खासबागेच्या मैदानात बघितली होती आणि मरेपर्यंत तिच्याबद्दल बोलत होते. दुसऱ्या एका सभासदाला त्याचा आवडता डाव ठाऊक होता. तिसरा म्हणाला, की तो डाव नव्हेच. त्यावर दोघांची जुंपली. ज्यांनी वाचनालयाचं सभासदत्व फक्त लग्नपत्रिकेत छापायला घेतलं आहे, असे दोघे खुर्ची बाजूला सारून पकड दाखवायला लागले. पंधरा वर्षांत या समितीनं साहित्यिकाच्या एकाही पुस्तकाचं नाव काढलेलं मी ऐकलं नव्हतं. पैलवानावर पाऊण तास चर्चा चालली आणि एकालाही चहाची आठवण झाली नाही. मधेच प्रत्येकजण मला सांगत होता, की सर, मला पहिल्यापासून वाटतच होतं.

“पैलवानाला मोडीला घालायचं?” अध्यक्ष शेवटी म्हणाले. “कोल्हापुरात? लोक आम्हाला पंचगंगेत बुचकळून काढतील की.”

ठराव एकमतानं झाला. साहित्यिक म्हणून जो भट्टीत निघाला होता तो पैलवान म्हणून वाचला. नवा पुतळा रद्द. जुना भिंतीपासून दोन हात पुढं घ्यायचा, म्हणजे चारी बाजूंनी बघता येईल, आणि खाली दोघांचीही नावं घालायची. माझ्या नावाचा विषय निघाला नाही. उठताना अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, की लेख चांगला हाय सर, फकस्त पुरस्कार तालमीला देऊन टाका. त्यांनी हे थट्टेत म्हटलं का खरं, ते मी अजून विचारलेलं नाही.

पुतळा त्याच दुपारी चौघांनी मिळून पुढं ओढला. मागच्या बाजूला वर्षानुवर्षांची जळमटं होती. ती मी स्वतः फडक्यानं पुसली. तेव्हा पहिल्यांदा ती मान नीट बघितली. शिल्पकाराचा मुलगा म्हणत होता ते बरोबर होतं.

सोमवारी सकाळी आक्का आल्या. जिन्यातच थबकल्या, टेंपो येऊन गेला असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, राहिला आक्का, आता इथंच राहणार. त्यांनी किटली खाली ठेवली, पुतळ्याच्या मागं गेल्या आणि दोन्ही हातांनी दोन्ही कान धरले. एवढी वर्षं मागं भिंत असल्यामुळं त्यांना ते जमलं नव्हतं. किती वेळ उभ्या होत्या ते मी बघत बसलो नाही. आत जाऊन रजिस्टर उघडलं आणि एकही अक्षर न दिसता त्यात बघत राहिलो. मला रडू येत होतं, आणि वाचनालयाच्या कार्यवाहानं वाचकांसमोर रडणं बरं दिसत नाही.

बाहेर आलो तेव्हा आक्का पुढच्या बाजूला आल्या होत्या आणि पुतळ्याच्या तोंडाकडं निरखून बघत होत्या. माझ्या माहितीत पहिल्यांदाच.

“हे पावणं कोण म्हणायचं?” त्यांनी विचारलं. “आमच्या बाचं कान एवढी वर्षं सांभाळल्यात त्यांनी.”

मी घसा खाकरला आणि सुरू झालो. थोर साहित्यिक, समाजाचा आरसा, युगप्रवर्तक. आक्कांनी हात वर करून मला थांबवलं.

“ते न्हवं. त्यांनी लिवलंय काय, ते वाचून दावा की.”

मी कपाटातून त्यांची सगळ्यात गाजलेली कादंबरी काढली. पाचशे पानांची. ती मी तीस वर्षं शिकवली आहे, तिच्यावर प्रश्नपत्रिका काढल्या आहेत, गुण कापले आहेत. आणि आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगतो, चाळीस पानांच्या पुढं मी ती कधी वाचलेली नाही. बाकी सगळं गाइडातून. आक्का जमिनीवर बसल्या. मीही शेजारी मांडी घातली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

तेव्हापासून रोज रतीब घालून झाला, की त्या अर्धा तास येतात. मी वाचतो. त्यांना शंका फार. हा माणूस सकाळी उठून काम काय करतो, म्हशीचं वर्णन चार ओळीत आणि चांदण्याचं चार पानं का, असं विचारतात. तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं मला असं अडवलं नव्हतं. एकदा ‘लई लांबण लावतोय गडी’ म्हणून त्या मधेच उठून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आल्या आणि पुढं काय झालं म्हणाल्या.

परवा चाळीस पानं संपली. एक्केचाळिसाव्या पानावर नायकाचा बाप आजारी पडतो आणि गावातलं कुणी फिरकत नाही, एक शेजारी तेवढा रात्रभर उशाशी बसून राहतो. एवढंच आहे, दीड पान. गाइडात हे कुठंच नव्हतं. मी वाचता वाचता थांबलो. आक्कांनी पदरानं तोंड पुसलं आणि पुतळ्याकडं बघितलं.

“बरा माणूस दिसतोय,” त्या म्हणाल्या. “बाला संगत चांगली घावली. वाचा फुडं.”